नकाशात न मावणारा कडा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावरून नळीच्या वाटेने कोकणात उतरायला निघालो होतो. ही वाट लोक सहसा खालून, बेलपाड्याहून चढतात, आणि तेही दोराची सवय असलेले लोक. आम्ही वरून उतरणार होतो, कारण आमच्याकडे ट्रॅक होता. कोणीतरी चालून रेकॉर्ड केलेली, फुकट डाऊनलोड करता येणारी लाल रेघ. रेघ आहे म्हणजे वाट आहे, एवढा आमचा अभ्यास.

ऑक्टोबर होता. पाऊस संपला होता, पण पठारावर धुकं इतकं दाट की पुढच्याची सॅक दिसेना. मी फोन हातात धरून पुढे. निळा ठिपका लाल रेघेवर, सगळं कसं व्यवस्थित. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "ए पोरांनो, तिकडं कुढं चाललात? पुढं काय नाय." घोंगडी घेतलेले एक म्हातारे बाबा आणि त्यांची तीन-चार गुरं. मी म्हटलं, बाबा, वाट आहे ना इथून. ते म्हणाले, थांबा जरा. आम्ही थांबलो. दहा-पंधरा मिनिटांनी वारा सुटला, धुकं फाटलं आणि आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गवत संपलेलं दिसलं. गवताच्या पुढे खरोखरच काही नव्हतं. सुमारे एक किलोमीटर खाली बेलपाड्याची शेतं होती. आम्ही कोकणकड्याच्या काठावर उभे होतो.

बाबांनी माझा फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "ह्याच्यात वाट दिसती का?" हो म्हटलं. "मंग कडा दिसतो का?"

कडा दिसत नव्हता. हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षं पुरला.

नोकरी लागल्यावर मी काही काळ नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, तेव्हा त्याचं तांत्रिक उत्तर सापडलं. आपल्या फोनवरच्या डोंगरांच्या समोच्चरेषा बऱ्याचदा एकाच मोहिमेतून आलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. त्या माहितीत जमिनीचे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन पाडलेले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा दिलेला आहे. एका चौकोनाला एकच उंची. कोकणकडा मात्र नुसता सरळ तुटलेला नाही, तो आत वळलेला आहे, नागाने फणा काढावा तसा. काठावर एक उंची, त्याच्या बरोबर खाली हवा, आणि हवेखाली पुन्हा जमीन. असा आकार त्या तक्त्यात बसतच नाही. सॉफ्टवेअर मग शेजारच्या आकड्यांमधून एक गुळगुळीत उतार काढून देतं. त्यात कड्याच्या भिंतीवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे जीपीएसची रेघ चाळीस-पन्नास मीटर इकडेतिकडे सरकते. आमची लाल रेघ त्या दिवशी हवेतून चालली होती.

पण बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तिचा अर्थ कळायला जास्त वेळ लागला. आम्हाला पाचनईच्या वाटेला लावून देताना ते म्हणाले, "गवताची पट्टी धरून चालायचं. कातळाला भिडायचं नाय. पट्टी जिथं तुटल तिथं उभं राहून बघायचं."

गवताची पट्टी म्हणजे नक्की काय, ते समजून घ्यायचं तर सहा कोटी साठ लाख वर्षं मागे जावं लागतं.

*

भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडून रतनगड किंवा अलंग-मदन-कुलंग पाहिलेत तर एक गोष्ट लगेच दिसते. डोंगर आडव्या पट्ट्यांचे आहेत. काळ्या कातळाची उभी भिंत, मग गवताचा तिरका पट्टा, पुन्हा भिंत, पुन्हा पट्टा. एखाद्या अवाढव्य जिन्यासारखं. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात, त्यावरून या प्रकारच्या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडलं आणि आपल्याकडचा तो 'डेक्कन ट्रॅप'.

एकेक भिंत म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. इथे शंकूच्या आकाराचे, वर धूर सोडणारे ज्वालामुखी नव्हते. जमिनीला लांबलांब भेगा पडत आणि त्यातून पातळ लाव्हा वर येऊन पुरासारखा पसरे. संगमनेरच्या परिसरात अशा भेगांमध्ये थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, आजही मिळतात. भारतीय भूखंड तेव्हा उत्तरेकडे सरकत होता आणि आज जिथे रीयुनियन बेट आहे त्या गरम ठिकाणावरून जात होता, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. एक लोट आला की काही काळ शांतता. त्या शांततेत वरचा भाग हवा-पाण्याने कुजे, त्यावर राख पडे, माती होई, झाडंझुडपं उगवत. मग पुढचा लोट येऊन ती माती भाजून काढी. दोन कातळांच्या मध्ये वीटेसारखा तांबडा थर दिसतो तो हाच. सहज पाहायचा असेल तर घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला पाहा, घाईत असाल तरी दिसतो.

लोटाचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्याची माती होते, मातीवर गवत उगवतं. गवताची पट्टी ती ही. आमच्याकडे विहीर खणणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. मुरूम लागला, मग मांजऱ्या लागला, मग काळा पाषाण लागला, असं ते सांगतात. मांजऱ्यात पाणी असण्याची आशा, पाषाणात सुरुंगाचा खर्च. सह्याद्रीचा कडा म्हणजे तीच विहीर, उभी कापून बाहेर ठेवलेली.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९८०च्या दशकात भूवैज्ञानिकांनी या लोटांच्या रासायनिक घटकांवरून त्यांची क्रमवारी लावली. पश्चिम घाटातल्या थरांचे तीन उपसमूह पाडले. सगळ्यात वर वाई, मध्ये लोणावळा आणि सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात जुना, कळसूबाई. त्या कळसूबाई उपसमूहात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या दुसऱ्या एका वर्गवारीत तर रतनगड दोनदा येतो, खालचा रतनगड आणि वरचा रतनगड. काही थरांमध्ये बोटाच्या पेराएवढे पांढरट, लांबट स्फटिक असतात. लाव्हा जमिनीखाली बराच काळ मुरत राहिला म्हणून ते एवढे वाढले. त्या थरांची नावं थळघाट, कशेळे, मंचर, गिरवली, आणि एकाचं चक्क 'टनेल फाइव्ह'. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात डायनासोरांच्या अंताविषयी चर्चा चालू असेल तर कोणीतरी परदेशी माणूस तोंड वेडंवाकडं करून 'ठाकूरवाडी' म्हणत असतो.

डायनासोरांचं प्रकरण थोडक्यात असं. मेक्सिकोत युकातानला एक अशनी आदळला आणि त्याच भूवैज्ञानिक क्षणी डायनासोर संपले. पण त्याच काळात इकडे दख्खन पेटलेलं होतं. मग दोष कोणाचा? २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या थरांतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून त्यांतल्या युरेनियम-शिशावरून वय काढलं. त्यांच्या मते उद्रेक चार मोठ्या उसळ्यांमध्ये झाला आणि त्यातली एक उसळी अशनीच्या आधी काही दहा हजार वर्षं सुरू झालेली. कोर्टनी स्प्रेन आणि त्यांच्या गटाने खुद्द लाव्ह्याचं वय आरगॉन पद्धतीने मोजलं. त्यांना उसळ्या दिसल्या नाहीत, उद्रेक जवळजवळ सलग दिसला आणि बहुतेक लाव्हा अशनीनंतर आलेला दिसला. दोघांचे नमुने याच घाटांमधले. सगळं मिळून काम दहा लाख वर्षांच्या आत उरकलं, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. कळसूबाई उपसमूहाचे थर तळाचे असल्याने ते दोन्ही हिशोबांत त्या अंताच्या आधीचे ठरतात. म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढायला लागतो तेव्हा पायाखालचा खडक ओतला गेला त्या काळात डायनासोर जिवंत होते. तो वितळलेला खडक आहे, त्यामुळे त्यात हाडं सापडायची नाहीत, हे मात्र सांगून ठेवतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

*

हे सगळं पठार एकदा सलग होतं. पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटून गेला, किनाऱ्याची बाजू खचली आणि तेव्हापासून पाऊस त्या तुटलेल्या कडेला पूर्वेकडे ढकलत कुरतडतो आहे. सह्याद्रीची मुख्य भिंत उत्तर-दक्षिण. तिच्यापासून पूर्वेकडे फाटे फुटतात. सातमाळ एक, महादेव एक आणि त्यांच्या मधली हरिश्चंद्र-बालाघाटची रांग. ती गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करते. रतनगडावर प्रवरा उगम पावते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा उगम पावते, ती पुढे प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. त्याच गडाच्या दक्षिणेला पुष्पावतीचं पाणी कुकडीतून भीमेकडे निघतं. गडावर तुम्ही बाटलीतलं पाणी सांडलंत तर ते आंध्रात कुठल्या नदीने पोचेल, हे तुम्ही कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहात त्यावर ठरतं. आणि कड्याकडे तोंड असेल तर ते कोकणातच जाईल. पावसाळ्यात मात्र वारा इतका असतो की ते बऱ्याचदा परत तोंडावर येतं.

या रांगेचं शास्त्रीय वर्णन करणाऱ्या पहिल्या लोकांत विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी येतो. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं आणि त्याने दख्खनभर फिरून खडक, पक्षी, मासे, पाऊस, हवेचा दाब, जे दिसेल ते मोजलं. एकावर एक आडवे पसरलेले हे थर त्याने नोंदवले. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या हवामानावर लेख आला. त्यात कोकणकड्याच्या काठावरून खालच्या धुक्यात दिसलेल्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याचं आणि त्याच्या मधोमध पडलेल्या स्वतःच्या सावलीचं वर्णन आहे. इंद्रवज्र म्हणतात ते. आज त्यासाठी पावसाळ्यात कड्यावर रांगा लागतात. साइक्सबद्दल वाचताना मला एकच वाटत राहतं, की त्याला कड्यापर्यंत कोणीतरी घेऊन गेलं असणार. वर्णनं साइक्सच्या नावावर आहेत, त्या वाटाड्याचं नाव कुठे आढळत नाही.

कारण वाटा तेव्हाही जुन्या होत्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून कोकणातला माल वर येत होता. हरिश्चंद्रगडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यात उभं शिवलिंग आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एक, हे सगळं याच पाषाणात कोरलेलं. चांगदेवांनी इथे तप केलं, असं परंपरा सांगते आणि गडावरच्या शिलालेखांत त्यांचं नाव आहे. रतनवाडीचं अमृतेश्वर तर प्रवरेच्या उगमाशीच बसलेलं. या लोकांनी जागा कशा निवडल्या ते थर ओळखायला लागल्यावर दिसू लागतं. टाकी कोरली ती घट्ट पाषाणात, कारण तो पाणी झिरपू देत नाही. वस्ती केली ती पट्टीवर, जिथे माती आहे आणि वरच्या थराच्या पायथ्याशी झरा फुटतो. पायऱ्या खोदल्या त्या मात्र फक्त तिथे, जिथे दोन पट्ट्यांच्या मधल्या भिंतीला दुसरा इलाज नव्हता. म्हणजे पाचशे मीटरच्या चढाईत खोदकाम तीस-चाळीस मीटरचं. बाकीची वाट खडकाने आपणहून दिलेली.

हीच गोष्ट इंग्रजांनीही ओळखली. १८१८ मध्ये पेशवाई संपली, त्र्यंबकसह या भागातले किल्ले कंपनीच्या हाती गेले. पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये म्हणून ठिकठिकाणी सुरुंग लावण्यात आले. अख्खा किल्ला उडवायची गरज नव्हती. भिंतीतल्या तेवढ्या पायऱ्या उडवल्या की काम झालं. अलंग आणि मदनला आज जाणारा माणूस दोर लावून जे कातळटप्पे चढतो, 'रॉक पॅच' म्हणून ज्यांचे व्हिडिओ निघतात, ते निसर्गाने दिलेलं आव्हान वगैरे नाही. ती दोनशे वर्षांपूर्वीची तोडफोड आहे. मदनच्या टप्प्यावर दोराला लटकलेलो असताना वर आणि खाली शिल्लक राहिलेल्या पायऱ्या मला दिसल्या. अख्ख्या ट्रेकमध्ये मला खरा राग आला तो तेवढ्यापुरताच.

पायऱ्या उडवल्या तरी पट्ट्या होत्याच, आणि त्या ज्यांना ठाऊक होत्या ते महादेव कोळीही होते. डोंगरावरचे वंशपरंपरागत हक्क गेले, सारा वाढला, सावकाराच्या वहीत जमिनी जाऊ लागल्या. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे १८४० च्या दशकात उठले. त्यांचे वडील रामजी यांनीही त्याआधी बंड केलेलं होतं. राघोजींच्या माणसांनी सावकारांना पकडून त्यांची नाकं कापल्याच्या नोंदी आहेत. शिक्षा भयंकर होती, आणि ती का सुचली असेल हे वह्या पाहिल्यावर कळतं. सरकारने फौज लावली, बक्षिसं लावली. याच काळात, किंवा थोडं आधी, नगरकडच्या तुकडीत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर एक सविस्तर वृत्तान्त लिहिला. कुळं, देव, लग्नाच्या रीती, सगळं त्यात आहे. आज अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. तेव्हा त्याचा उपयोग कोणाला होता, हेही उघड आहे. डोंगरात मात्र राघोजी सापडले नाहीत. ते सापडले २ जानेवारी १८४८ ला, पंढरपुरात. सपाटीवर. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं.

*

नंतरचा इतिहास पाण्याचा आहे आणि तो मला जास्त जवळचा, कारण माझे आजोबा त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला होते. राहुरीकडे, पाटाच्या कडेला, उसात. १९१० मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम सुरू झालं, १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. दगडी बांधकामाची ८२ मीटर उंचीची भिंत, तीही याच पाषाणाची. त्या पाण्यावर कालवे आले, कालव्यांवर ऊस आला, उसावर १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना आला. आमच्या घरात भंडारदरा हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जाई. ११ हजार दशलक्ष घनफूट साठा, ओव्हरफ्लो झाला की पेढे. तो भरतो कुठे, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो रतनवाडीला एप्रिलमध्ये गेलो तेव्हा.

घाटघर-रतनवाडीत पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला पाथर्डी, जामखेडला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच) दुष्काळी म्हणून ओळखला जातो तो पूर्वेमुळे. पण मार्च उजाडला की हंडे पश्चिमेलाही फिरायला लागतात. पाषाण पाणी धरत नाही. पडलं तेवढं आडव्या थरांवरून घसरून खाली धरणात जातं, धरणातून कालव्याने आमच्या उसात. वर राहतं ते फक्त पट्टीच्या बुडाशी झिरपणारं, एखाद्या डुऱ्यात वाटीवाटीने भरावं लागणारं. घाटघरला तर २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणातलं पाणी पंपाने कडा चढून वर येतं आणि गरज पडली की परत खाली सोडतात. पाण्याला घाट चढवता येतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आता वाटांबद्दल, कारण हे वाचून शनिवारी निघणारे काही जण असतीलच. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, बारीहून. वाट मळलेली, अवघड भिंतींना लोखंडी शिड्या. शिडी दिसली की समजायचं, इथे एक लोट संपूर्ण उभा आहे, आणि शिडीच्या डोक्यावर पट्टी मिळणार. पावसाळ्यातल्या रविवारी जाऊ नका, शिडीखाली रांगेत भिजाल. रतनगडाला रतनवाडीकडून शिड्यांनी चढून गणेश दरवाजातून वर, माथ्यावरच्या नेढ्यात वारा खात बसावं आणि त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरावं, म्हणजे एकच गड दोन बाजूंनी कळतो. साम्रदची सांदण दरी म्हणजे खडकातल्या चिरेतून पाण्याने खोल कापत नेलेली घळ. तिच्यात पाऊस असताना पाऊल टाकायचं नाही, यावर चर्चा नाही. रतनगड ते हरिश्चंद्रगड हा कात्राबाईच्या खिंडीतून, कुमशेतवरून पाचनईला येणारा दोन-तीन दिवसांचा पल्ला या रांगेतला माझा सर्वांत आवडता. त्यात शिखर गाठल्याचा आनंद असा कुठेच नाही, नुसतं पट्टीपट्टीने चालणं आहे. हरिश्चंद्रगडाला पाचनई सोपी, खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट लांब. नळीची वाट मी अजून केलेली नाही.

म्हणजे करणार होतो, गेल्या वर्षी. पाचनईत ओळखीचे एक दादा आहेत, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे, ट्रेकर्सची जेवणखाण्याची सोय करतात आणि वाटाड्या म्हणून जातात. त्यांच्याबरोबर आधी दोन दिवस आम्ही गडाच्या पोटातल्या पट्ट्या हिंडलो. प्रत्येक पट्टीला नाव होतं. प्रत्येक घळीला, प्रत्येक मोठ्या धोंड्याला. एका कोपऱ्यात बैल कोसळला होता त्याचं, एका ठिकाणी कोणाची आजी करवंदं वाळवायची तिचं. माझ्या फोनवर त्या सगळ्या भागात एकही अक्षर नव्हतं, नुसत्या गुळगुळीत रेषा. मला भरून आलं. मी ओपनस्ट्रीटमॅपवर अधूनमधून भर घालतो, तिथे कोणीही नकाशा दुरुस्त करू शकतं. रात्री त्यांच्या पडवीत बसून मी नोंदी चढवत गेलो. सतरा नावं, चार पायवाटा, एक झरा. झऱ्याला टॅग दिला, पिण्याचं पाणी, बारमाही.

सकाळी चहा घेताना त्यांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी नावं वाचली, हसले, एक दुरुस्त केलं. झऱ्यावर आल्यावर थांबले. "हे आता सगळ्यांना दिसंल?"

हो म्हटलं. कोणालाही, कुठेही.

"ते काढून टाका, सर." मला सर म्हणू नका असं मी दोन दिवस सांगत होतो, ते त्यांनी ऐकलं नव्हतं. "एप्रिलात आमच्या पाड्याला तेवढंच पाणी हाय. गेल्या साली वरच्या टाक्यात पोरं साबण लावून पवली. आम्हाला पावणे पायजेत, त्याच्यावर घर चालतं. पण हे नको."

मी म्हणालो की कोणी धुक्यात चुकलं, तहानेने बेजार झालं, तर हा एक बिंदू जीव वाचवू शकेल. माझ्या डोळ्यांसमोर आमची ती लाल रेघ होती. ते म्हणाले, "चुकल्यावर हाक मारायची. कोण ना कोण असतं." मग थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. त्यांची मुलगी हंडा घेऊन निघाली, त्याच दिशेने.

मी बिंदू पुसला. सव्हर पुसल्यावर विचारतो, बदलाचं कारण लिहा. बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघून मी 'चुकीची नोंद' असं लिहिलं. नोंद चुकीची नव्हती. आणि त्या नकाशाची रचनाच अशी आहे की पुसलेली गोष्टही आधीच्या आवृत्तीत शिल्लक राहते. शोधायचंच म्हटलं तर कोणालाही काढता येते, खालच्या थरात. हे मी दादांना सांगितलेलं नाही.

बाकीची सतरा नावं आहेत तिथेच. नळीची वाट त्या दिवशी राहिली, दुपारनंतर धुकं आलं म्हणून.